निलगिरीच्या पोटातल्या लाटा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कुंपणालगतचे एक जुने निलगिरीचे झाड वाऱ्याने आडवे झाले. त्याचे करायचे काय, यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. प्रयोगशाळेसाठी दोन बाके करून घ्यावीत असे ठरले आणि गावातल्या सुतारकाकांना निरोप गेला. काकांनी बुंध्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. "गुरुजी, निलगिरी चुलीत बरी. आज फळी काढाल, आठ दिवसांत तिचं धनुष्य होईल." झाड सरपणाला गेले.

कुऱ्हाडीने फोडलेला एक तुकडा मात्र आम्ही ठेवून घेतला. त्याच्या फुटलेल्या अंगावर लाटा होत्या. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटतात तशा बारीक, एकसारख्या, आडव्या लाटा. रंधा मारून पृष्ठभाग गुळगुळीत केल्यावर हाताला काही लागेना, पण डोळ्यांना लाटा दिसतच राहिल्या. तुकडा उजेडात कलता केला की चमकदार पट्टे काळसर होत आणि काळसर पट्टे चमकू लागत.

म्हणजे आमच्यापुढे दोन प्रश्न होते. सुतारकाकांचे म्हणणे खरे आहे का, आणि असल्यास का? आणि सपाट लाकडात या लाटा आल्या कुठून? उत्तरे शोधताना आम्ही निलगिरीच्या मूळ देशात, ऑस्ट्रेलियात आणि तिथल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. एखादे लाकूड 'टाकाऊ' कसे ठरते आणि तेच मौल्यवान कसे होते, याची ती गोष्ट आहे.

टोपी घातलेली कळी

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत जानेवारी १७७७ मध्ये त्याची जहाजे टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर, ॲडव्हेंचर बे या ठिकाणी थांबली. लाकूड आणि पाणी भरून घेण्यासाठीचा तो मुक्काम होता. या सफरीवर डेव्हिड नेल्सन हा वनस्पती गोळा करणारा माणूस होता. तिथे घेतलेला एका उंच झाडाच्या फांदीचा वाळवलेला नमुना लंडनला पोहोचला. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने तो पाहिला आणि १७८८ साली त्या झाडाला नाव दिले 'युकॅलिप्टस ऑब्लिक्वा'. ग्रीक भाषेत 'यू' म्हणजे चांगले आणि 'कॅलिप्टॉस' म्हणजे झाकलेले. नाव झाडाच्या उंचीवरून किंवा तेलाच्या वासावरून दिलेले नाही. ते दिले कळीवरून. निलगिरीच्या कळीवर एक घट्ट टोपी असते. फूल उमलताना पाकळ्या उघडत नाहीत, टोपीच गळून पडते आणि पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. झाडाखाली पडलेल्या या टोप्या मुलांनी वेचल्या की नाव पुन्हा सांगावे लागत नाही.

त्या एका नमुन्यापासून सुरू झालेल्या या कुळात आज सातशेहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांत माणसाच्या दुप्पट उंचीची झुडपे आहेत, तसेच 'युकॅलिप्टस रेग्नन्स'सारखे महावृक्षही आहेत. टास्मानियात २००८ साली सापडलेले या जातीचे 'सेंच्युरियन' हे झाड तेव्हा ९९.६ मीटर उंच भरले. त्यामुळे 'निलगिरीचे लाकूड' असे एकच काही नसते, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवे. 'रेग्नन्स'चे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ६८० किलो भरते, तर नदीकाठच्या 'रिव्हर रेड गम'चे ९०० किलोच्या आसपास.

पहिली तक्रार

ज्या वर्षी हे नाव छापले गेले, त्याच वर्षी, जानेवारी १७८८ मध्ये, कैद्यांना घेऊन आलेली इंग्रजांची जहाजे सिडनीच्या किनाऱ्याला लागली. राहायला घरे हवी होती आणि समोर जंगलच जंगल होते. पण ओक आणि पाइन कापण्याची सवय असलेल्या हातांना हे लाकूड दाद देईना. त्या काळच्या पत्रांत आणि रोजनिशींत तक्रारी सापडतात: कुऱ्हाडींची धार जाते, ओंडके पाण्यात बुडतात, फळ्या तडकतात आणि पिळवटतात. लाकूड चिरायची पद्धत आपल्याकडे यंत्रे येण्यापूर्वी होती तशीच होती. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक माणूस वर, एक खाली खड्ड्यात, आणि मध्ये लांब करवत. अर्धा ओंडका चिरून होतो न होतो तोच लाकूड फाकायचे किंवा मिटून करवतीला गच्च धरून ठेवायचे. हे लाकूड कामाचे नाही, असा शेरा त्यांनी देऊन टाकला.

तिथले मूळ रहिवासी मात्र हजारो वर्षे याच झाडांपासून वस्तू बनवत होते. त्यांनी फळ्या काढल्याच नव्हत्या. बुंध्याच्या वळणावरची साल सोलून ते होड्या करत. खोडावरच्या फुगीर गाठीचे कवच काढून आणि आतून कोरून, पाणी, बिया किंवा तान्हे मूल ठेवण्यासाठी परडीसारखी पसरट भांडी करत. झाडाला जिथे मुळातच वळण आहे तिथून वळणदार वस्तू घ्यायची, ही त्यामागची समज. साल काढल्याच्या लांबट खुणा अंगावर असलेली जुनी झाडे आजही ऑस्ट्रेलियात जपलेली आहेत.

वसाहतवाल्यांचे मत हळूहळू बदलले. पश्चिम ऑस्ट्रेलियातले 'जारा' हे तांबडे लाकूड वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही, हे कळल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची निर्यात सुरू झाली. हे नावही तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेतून आलेले आहे. लंडनचे काही रस्ते जारा आणि कारीच्या लाकडी ठोकळ्यांनी फरसबंद झाले. जाराचे स्लीपर भारतातल्या रेल्वेसाठीही आले. म्हणजे निलगिरीचे झाड आपल्याकडे रुजत होते त्याच काळात निलगिरीचे लाकूड जहाजातून येऊन आपल्या रुळांखाली बसत होते. अर्थात रस्त्याचा ठोकळा आणि रुळाचा स्लीपर हे दोन्ही जाडजूड. त्यांना पिळवटायला फारसा वाव नव्हता. पातळ फळीचा प्रश्न तसाच राहिला.

चुलीत गेलेल्या गाठी

या इतिहासातला आम्हांला सर्वांत चटका लावणारा भाग 'मॅली'चा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या कोरड्या भागांत निलगिरीच्या बुटक्या जातींचे रान असते, त्याला मॅली म्हणतात. या जातींना एक खोड नसते. जमिनीच्या पातळीवर लाकडाचा मोठा गड्डा असतो आणि त्यातून अनेक फांद्या वर येतात. या गड्ड्याला लिग्नोट्यूबर म्हणतात. त्यात सुप्त कळ्या आणि साठवलेले अन्न असते. वणव्यात वरचे सगळे जळाले तरी गड्ड्यातून पुन्हा फुटवे येतात.

गव्हाच्या शेतीसाठी हे रान तोडले गेले तेव्हा नांगराचा फाळ या गड्ड्यांवर आपटून मोडू लागला. त्यावर उपाय म्हणून १८७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रिचर्ड बॉयर स्मिथ याने अडथळा आला की उचलला जाणारा आणि पुढे गेल्यावर पुन्हा जमिनीत शिरणारा नांगर तयार केला. फाळ गड्ड्यांवरून उड्या मारत जाई आणि उखडलेले गड्डे वेचून काढले जात. ते गाडी भरभरून मेलबर्न, ॲडलेडसारख्या शहरांत जात. कशासाठी? सरपणासाठी. 'मॅली रूट' हे कित्येक दशके तिथल्या घराघरांतले आवडते जळण होते, कारण ते सावकाश आणि भरपूर उष्णता देत जळते.

आता तोच गड्डा चिरून पाहिला तर काय दिसते? असंख्य सुप्त कळ्यांभोवती तंतू वळसे घेत गेलेले असतात. लाकडावर डोळ्यांसारखे ठिपके, भोवरे आणि रेषांची दाटी असते. आज जगभरचे कातकाम करणारे कारागीर, म्हणजे आपल्या भाषेत कातारी, वाट्या, पेले आणि पेनांच्या नळ्यांसाठी हे लाकूड शोधत असतात. जे पिढ्यान्‌पिढ्या शेगडीत गेले, ते आता किलोवर विकले जाते. इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. लिग्नोट्यूबर हा झाडाचा आणीबाणीचा साठा आहे. जिवंत झाडाचा गड्डा उखडणे म्हणजे पुढच्या वणव्यानंतर त्याला उठूच न देणे. म्हणून आधीच मोकळ्या केलेल्या जमिनीतले जुने गड्डे वापरणे आणि नक्षीसाठी उभे रान खणणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

फळीचे धनुष्य का होते?

आता सुतारकाकांच्या धनुष्याकडे वळू. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास कॅनबेरा येथील वनशास्त्रज्ञ मॅक्स जेकब्स यांनी केला. त्यांचे याविषयीचे प्रमुख लेखन १९३८ आणि १९४५ साली प्रसिद्ध झाले. ताज्या ओंडक्याच्या पट्ट्या मोकळ्या केल्या की त्यांची लांबी किती बदलते, हे मोजायचे, अशी त्यांची साधी पण कष्टाची रीत होती. सालीजवळची पट्टी सुटी झाल्यावर आखडते आणि गाभ्याजवळची पट्टी लांबते, असे आढळले.

याचा अर्थ असा, की उभ्या झाडात बाहेरचे लाकूड सतत ताणलेले असते आणि आतले दाबलेले. नव्या पेशी पक्व होताना लांबीच्या दिशेने थोड्या आखडू पाहतात. पण त्या खालच्या जुन्या लाकडाला चिकटलेल्या असल्यामुळे त्यांना आखडता येत नाही. म्हणून त्या स्वतः ताणात राहतात आणि आतल्या लाकडाला दाबतात. दरवर्षी असा एकेक थर चढत जातो. झाडाला याचा फायदाच होतो. लाकूड ताण चांगला सोसते, पण दाब कमी सोसते. वाऱ्याने खोड वाकले की एक बाजू दाबली जाते. तिथे आधीच ताण असल्याने दाब उशिरा आणि कमी प्रमाणात येतो. जमीनबांधणीत पोलादी तारा ताणून काँक्रीट ओततात, त्याच जातीची ही युक्ती आहे.

ओंडका चिरला की हा तोल मोडतो. दोन्ही अर्धुके बाहेरच्या बाजूला आखडतात, म्हणून ती एकमेकांपासून फाकतात. टोकांवर गाभ्यापासून चांदणीसारखे तडे जातात. झाड तोडल्यावर काही तासांतच असे तडे दिसू शकतात. हे वाळण्यामुळे नव्हे, आत कोंडलेला जोर सुटल्यामुळे होते. झाड जितके बारीक, तितका हा बदल कमी अंतरात होतो, आणि म्हणून बारीक ओंडक्याच्या फळ्या जास्त वाकतात. सुतारकाकांच्या हातात आयुष्यभर आलेली निलगिरी ही सहसा सहा-आठ वर्षांची, मांडीएवढ्या जाडीची. त्यांचे निरीक्षण अचूक होते. पण ते कोवळ्या निलगिरीबद्दल होते, निलगिरीबद्दल नव्हे.

दुसरी अडचण वाळवणीतली. काही जातींच्या फळ्या वाळताना नुसत्या आक्रसत नाहीत, तर धुणे धुवायच्या पाटासारख्या खाचखळग्यांच्या होतात. पाण्याने पूर्ण भरलेल्या पेशीतून पाणी ओढले जाते तेव्हा आत हवा शिरत नाही, आणि पाण्याच्या ओढीने पेशीच्या भिंतीच आत कोसळतात. कागदी डब्यातला सरबताचा शेवटचा घोट ओढताना डबा चेपतो, तसे. अमेरिकन लाकूडशास्त्रज्ञ हॅरी टीमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या क्रियेचा उलगडा केला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑस्ट्रेलियात तिच्यावर उपायही सापडला: बरेचसे वाळलेले लाकूड बंद खोलीत काही तास उकळत्या पाण्याच्या वाफेत ठेवायचे. भिंती मऊ होतात, पेशी पुन्हा फुगतात आणि फळी जवळजवळ मूळच्या आकाराला येते. या एका युक्तीने 'रेग्नन्स'सारखे लाकूड जमिनी आणि टेबलखुर्च्यांसाठी वापरात आले. ज्याला आज बाजारात 'टास्मानियन ओक' म्हणतात, ते ओक नसून निलगिरीच्याच तीन जातींचे लाकूड आहे.

लाटा कुठून येतात?

आता आमच्या तुकड्यातल्या लाटा. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकडाच्या आणि बाहेरच्या बाजूला सालीच्या पेशी तयार करत राहतो. कॅम्बियमच्या लांबट पेशी ज्या दिशेला कलतात, त्या दिशेला त्या वेळच्या लाकडाचे तंतू कलतात. लाकूड ही एक प्रकारे कॅम्बियमची रोजनिशी आहे. लिहिलेले पान पुन्हा बदलत नाही.

पोलंडचे झिग्मुंट हेय्नोविच यांनी १९६० च्या दशकापासून या थराचा बारकाईने अभ्यास केला. कॅम्बियममध्ये काही पट्ट्यांतल्या पेशी उजवीकडे कलू लागतात, तर शेजारच्या पट्ट्यांतल्या डावीकडे, असे त्यांना दिसले. १९७३ मध्ये त्यांनी रॉम्बर्गर यांच्यासह दाखवून दिले, की हे पट्टे एका जागी थांबत नाहीत, खोडावरून हळूहळू सरकतात. पट्टे लांबलचक असतील तर एकाच जागी काही वर्षे उजवा कल आणि पुढची काही वर्षे डावा कल येतो. अशा लाकडात थरांचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात. फोडताना ते सरळ फुटत नाही आणि रंधल्यावर लांबीच्या दिशेने फितीसारखे पट्टे दिसतात. पट्टे अगदी आखूड, बोटाच्या पेराएवढे असतील, तर तंतू नागमोडी होतात. याच लाटा. व्हायोलिनच्या पाठीसाठी मेपल झाडाचे असे लाकूड शतकानुशतके निवडले जाते. म्हणून इंग्रजीत या नक्षीला 'फिडलबॅक', म्हणजे 'व्हायोलिनची पाठ', असेच नाव पडले.

गुळगुळीत फळीवर लाटा दिसतात त्या रंगामुळे नाहीत. रंध्याने नागमोडी तंतू कापले जातात तेव्हा काही जागी ते पृष्ठभागाला समांतर असतात, तर काही जागी त्यांची तोंडे वर येतात. समांतर तंतू उजेड आरशासारखा परतवतात, तोंडे तो गिळून टाकतात. फळी कलती केली की कोन बदलतात आणि पट्ट्यांची अदलाबदल होते. सिंथेटिक साडीची घडी हलवली की जी झळाळी सरकते, तिच्यामागचे कारण हेच.

काही झाडांत अशा लाटा येतात आणि शेजारच्या झाडांत नाहीत, याचे पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. काही वृक्षांत हा गुण अंशतः वारशाने येतो. जाड फांदीच्या काखेत आणि बुंध्याच्या रुंद होत जाणाऱ्या भागात दाबामुळेही तंतूंना चुण्या पडतात.

ओळखायचे कसे, चिरायचे कसे?

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या करवत्यांनी हे ज्ञान पुस्तकांतून मिळवले नव्हते. गुळगुळीत सालीच्या झाडावर सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड पडला की बुंध्यावर आडव्या वळ्या दिसतात का, हे ते पाहत. पडलेल्या ओंडक्याची साल सोलली की लाटा हाताला लागतात. सर्वांत खात्रीची कसोटी कुऱ्हाडीची. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, एक ढलपी फोडायची. सरळ तंतूंचे लाकूड सपाट फुटते, लाटांचे लाकूड पन्हळी पत्र्यासारखे. आमच्या तुकड्याची परीक्षा अशी नकळत झाली होती. तरीही बाहेरच्या लाटा आत किती खोल जातात, आणि बुंध्यापासून किती वर जातात, हे चिरल्याशिवाय कळत नाही. कित्येकदा पहिल्या दीडदोन मीटरांतच त्या संपतात.

चिरताना दिशा चुकली तर नक्षी असूनही दिसत नाही. तंतू उजवे-डावे हेलकावतात, म्हणून ती झळाळी उत्तम दिसते ती त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या पृष्ठभागावर. ओंडक्याची आधी चार फाकी करून, मग प्रत्येक फाकीतून गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फळ्या काढतात. कलिंगडाच्या फोडी जशा केंद्राकडे रोखलेल्या असतात, तसे. यात लाकूड जास्त वाया जाते आणि वेळही लागतो, पण दुसरा फायदा होतो. बहुतेक लाकडे वर्तुळाच्या दिशेने जास्त आक्रसतात आणि त्रिज्येच्या दिशेने कमी. जारात हे आकडे ढोबळमानाने ७ आणि ५ टक्के आहेत. त्रिज्येच्या दिशेने काढलेली फळी म्हणून रुंदीत कमी आक्रसते आणि तिच्या तोंडावर भेगाही कमी पडतात.

आतला जोर सांभाळण्यासाठी ओंडका एकाच बाजूने सोलत जात नाहीत. एक फळी या बाजूची, मग ओंडका फिरवून एक त्या बाजूची, असा तोल राखतात. गाभ्याचा मधला भाग बाजूला काढतात, कारण तडे तिथूनच सुरू होतात. टोकांतून पाणी कितीतरी पट वेगाने निघून जाते, म्हणून चिरल्याबरोबर टोकांना मेण किंवा रंग फासतात. आपल्याकडे ओंडक्याच्या टोकांना शेणाचा लेप देण्याची रीत आहे, तिच्यामागे हेच कारण आहे.

कातकाम करणाऱ्याची पद्धत आणखी निराळी. वाडग्यासाठी तो अर्धा ओंडका घेतो, गाभा काढून टाकतो आणि लाकूड ओले असतानाच लेथवर चढवून जाडसर वाडगा कातून ठेवतो. भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी: तीस सेंटिमीटरच्या वाडग्याला तीन सेंटिमीटर. मग तो कागदात गुंडाळून काही महिने सावलीत ठेवायचा. वाडगा वाळताना लंबगोल होतो, होऊ द्यायचा. नंतर पुन्हा लेथवर चढवून त्याला गोल करायचे. वाकणाऱ्या लाकडाशी झगडत बसण्याऐवजी त्याला आधी वाकू द्यायचे आणि मग अखेरचा आकार द्यायचा, ही रीत त्याला ठाऊक असते.

आपल्याकडची निलगिरी

टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास नंदी टेकडीवरच्या बागेत निलगिरी लावल्याचे सांगतात. निलगिरी पर्वतावर तिची लागवड १८४३ पासून झाली, मुख्यतः सरपणासाठी. मराठीत झाडाला पर्वताचेच नाव पडले. मेलबर्नचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनंड फॉन म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकात या झाडाचा जगभर हिरिरीने पुरस्कार केला आणि बियाणे देशोदेशी पाठवले. आपल्याकडे १९६० नंतर आणि विशेषतः १९८० च्या दशकातल्या सामाजिक वनीकरणात निलगिरी शेताशेतांत पोहोचली. पाणी आणि शेतजमीन यांवरून तिला विरोधही झाला. १९८३ मध्ये कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकांतली रोपे उपटली, आणि २०१७ मध्ये त्या राज्याने नव्या लागवडीवर बंदी घातली. हा वाद महत्त्वाचा आहे, आणि लाकडात नक्षी निघते म्हणून तो मिटत नाही.

पण लागवडीच्या हेतूने लाकडाचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. लगदा, बल्ल्या आणि सरपण हवे असेल तर झाड सहा-आठ वर्षांत तोडले जाते. सरळ आणि झपाट्याने वाढणारी झाडे निवडून त्यांची कलमे लावली जातात. वेड्यावाकड्या तंतूंचे झाड त्या निवडीत बाद होते. जे उरते ते लगद्याच्या भट्टीत जाते, आणि भट्टीला सरळ तंतू आणि लाटा यांतला फरक कळत नाही. ऑस्ट्रेलियातही १९७० च्या सुमारास जुन्या जंगलांचे लाकूड कपच्या करून निर्यात होऊ लागले, तेव्हा किती नक्षीदार ओंडके कपच्यांत गेले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

सूर्यफुलाचे कोवळे, रसरशीत खोड घेऊन ब्लेडने मधोमध उभे चिरा (हे काम शिक्षकांनी करावे). दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला वळतील. इथे ताणाचे कारण पेशींतल्या पाण्याचा दाब हे आहे, निलगिरीत पेशीभिंतींचे आखडणे. पण 'बाहेर ताण, आत दाब' ही मांडणी दोन्हीकडे सारखीच.

निलगिरीच्या फांदीचा आडवा काप धारदार पात्याने साफ करून दहापट भिंगाखाली पाहा. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची छिद्रे बहुतेक सुटी सुटी असतात आणि तिरप्या रांगांत मांडलेली दिसतात. सागवानाच्या कापात मोठी छिद्रे वर्षाच्या वलयावर गर्दी करतात. दोन काप शेजारी ठेवले की नववीतला मुलगाही ओळखू शकतो.

एकाच जळाऊ ढिगातले दहा ओंडके त्रिज्येच्या दिशेने फोडून घ्या. किती सपाट फुटले, किती पिळवटून आणि किती लाटांचे, याची नोंद मुलांनी करावी. दहापैकी एकही लाटांचा निघणार नाही, असेही होईल. तीही नोंदच आहे.

आमचा तुकडा सुतारकाकांना पुन्हा दाखवला तेव्हा त्यांनी तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ कलता करत राहिले. "एवढं जुनं झाड मी कधी चिरलंच नाही," ते म्हणाले. आमच्या बाकांचे लाकूड तर जळून गेले. कुंपणालगत अजून दोन झाडे उभी आहेत, त्याच वयाची. त्यांच्या पोटात लाटा आहेत की नाहीत हे साल सोलून पाहता येईल. पण अजून तरी आम्ही फक्त संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या बुंध्याकडे पाहतो.